लाल ठिपक्याची बाजू

इनास, तुझं निरोपाचं भाषण माझ्या खिशात आहे. चार पानं. कुठे थांबायचं, कुठे चष्मा काढून पुसायचा, कुठे पाण्याचा घोट घ्यायचा, सगळं समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय. तिसऱ्या पानाच्या तळाशी तर 'येथे हशा' असं लिहून भोवती चौकट काढली आहे. तुझ्या निवृत्तीला आठ महिने होते. एवढी आधी तयारी मी स्वतःच्या लग्नाचीही केली नव्हती. आणि तू रविवारी सकाळी वाडीतल्या विहिरीपाशी मोगरा तोडता तोडता खाली बसलास, आणि उठलाच नाहीस.

ही काय पद्धत झाली?

नाटकात दोन वाक्यांचं काम करणारा हवालदारसुद्धा जाताना दाराशी एकदा वळतो. तू वळलाही नाहीस. शनिवारी साडेपाचला स्कूटरला किक मारलीस आणि म्हणालास, "नाटक्या, माझ्या डब्याचं झाकण तुझ्याकडे राहिलंय. सोमवारी आण." बावीस वर्षं एका गाळ्यात काढल्यावर हे तुझं शेवटचं वाक्य. झाकण! मी शब्दाला जागलो. सोमवारी ते झाकण पिशवीत घालून भुईगावला आलो, तुझ्या दफनाला. चर्चमध्ये बसल्या बसल्या पिशवीला धक्का लागला आणि झाकण फरशीवर घरंगळत पार पुढच्या बाकापर्यंत गेलं. अख्ख्या चर्चने मागे वळून पाहिलं. तू असतास तर सगळ्यांत मोठ्याने हसला असतास. मला खरोखर वाटलं की हसशील. मी पेटीकडे बघत थांबलो.

मग रांगेतून पुढे आलो, तुझा चेहरा पाहिला, आणि पहिला विचार आला की हा कुणी दुसराच माणूस आहे. केस विंचरलेले होते. तेल लावून, डावीकडे सरळ भांग. गेली सात वर्षं तुझं डोकं वाऱ्यातल्या सुरूच्या झाडासारखं असायचं. त्यावर मी किती विनोद केले! "इनास, तुझ्या डोक्यावर सुगरणीने घरटं केलंय, अंडी कधी घालणार विचार." तू नुसता हात फिरवायचास. मी फिलोमिनावहिनींना हळूच विचारलं, "केस कोणी...?"

"मीच," त्या म्हणाल्या. "आता नको म्हणायला ते नाहीत ना."

मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. आता कळलंय, आणि म्हणून हे लिहितोय.

तू जरा पान लाव तोवर. वाचणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्या लागतील.

आमचा गाळा वसई पूर्वेला. तिथे आम्ही एक खास माती भाजतो. दिसायला कपबशीची बहीण, पण दाबली की वीज देते, आणि वीज दिली की केसभर पसरते किंवा आखडते. गॅसच्या लायटरचं बटण दाबलं की ठिणगी पडते, ती या मातीची. चष्मेवाल्याकडे पाण्यात चष्मा थरथरवून धुतात, तिथेही हीच. भट्टीतून निघते तेव्हा मात्र ती मठ्ठ असते. तिच्या आतले कण म्हणजे नाटक सुरू होण्याआधीचे प्रेक्षक. कुणी वड्याच्या टेबलाकडे बघतोय, कुणी मागच्या रांगेतल्या मेव्हण्याकडे. मग आम्ही तिला गरम तेलात बुडवून जबरदस्त वीज देतो. पडदा उघडला! सगळ्यांच्या माना एका दिशेला. तेल थंड झाल्यावर वीज काढली, तरी माना तशाच राहतात. याला आम्ही पोलिंग म्हणतो, आणि ते माझं खातं. त्यानंतर विजेचं धन टोक ज्या बाजूला होतं, तिथे नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. कारण पट्टीकडे नुसतं बघून तिच्या माना कुठे वळल्यात हे कुणालाही सांगता येत नाही. तो ठिपका देणं आणि माल तपासणं, हे तुझं खातं.

आणि ही माती फुटते कशी? कपासारखीच. आधी कुरकुर नाही, वाकणं नाही. आता आहे, आता दोन तुकडे. मी हे वाक्य नेहमीसारखं लिहून गेलो आणि मग पेन खाली ठेवून थोडा वेळ खिडकीत उभा राहिलो.

तू हिऱ्याचं टोक लावलेल्या यंत्राने पट्टीवर टोचायचास. बारीक चौकोनी खळगा पडायचा आणि त्याच्या चार कोपऱ्यांतून चार चिरा निघायच्या. माना ज्या दिशेला, त्या दिशेच्या दोन आखूड. त्यांना आडव्या जाणाऱ्या दोन लांब. इथपर्यंत आपलं एकमत होतं. भांडण पुढचं, आणि ते बावीस वर्षं चाललं: अशी चीर पडलेल्या पट्टीला पुन्हा वीज दिली, तर ती आडवी चीर वाढते की थांबते?

तुझं म्हणणं, वीज पोलिंगच्याच दिशेने दिली तर वाढते आणि उलट्या दिशेने, बेताने दिली, तर अडते. माझं म्हणणं, वीज कशीही द्या, ती चिरेला धरूनच ठेवते. हे माझं डोकं नव्हे. एकदा कॉलेजातले एक सर गाळा बघायला आले होते, ते म्हणाले की कागदावरच्या गणितात तसंच येतं. मी ते वाक्य उचललं आणि तुझ्या तोंडावर बावीस वर्षं मारलं.

"अरे नाटक्या, कागदावरची चीर फूटपट्टीने काढलेली असते," तू डबा उघडता उघडता म्हणायचास. "माझी चीर प्रत्येक कणाला विचारत विचारत जाते."

"आणि कण काय सांगतात?"

"जो जागा देईल त्याच्या बाजूने घूस म्हणतात."

"म्हणजे आपला रिक्षावाला."

"हां. आणि वीज म्हणजे मागून हॉर्न मारणारा."

"बरं, मग चिरेच्या आत काय असतं?"

"हवा."

"मग वीज ती हवा ओलांडून पलीकडे जाते, की अलीकडेच अडते? त्यावर सगळं ठरतं असं सर म्हणाले होते."

इथे तू सुकेळ्यांचं, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचं, पान सोडायचास, एक माझ्याकडे सरकवायचास आणि म्हणायचास, "ते मला माहीत नाही." तुझा हा गुण मला अजिबात सहन व्हायचा नाही. भर भांडणात 'माहीत नाही' म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? मी तर माहीत नसलं की आवाज वाढवतो. सुकेळी मात्र मी खायचो. तुमच्या वाडीतल्या केळ्यांचीच, तुझ्या आईच्या हातची, आणि आई गेल्यावर वहिनींच्या हातची. घरी तुम्ही दोघं तुमच्या बोलीत माझ्याबद्दल काय बोलायचात ते मला निम्मं कळायचं. निम्म्यावरून उरलेल्याचा अंदाज यायचा.

आता त्या दिवसाबद्दल. सात वर्षांपूर्वीच्या.

आपल्याकडे माल पाठवायच्या आधी प्रत्येक तुकड्याला पोलिंगच्याच दिशेने पुरी वीज देऊन बघतात. तू शेठच्या मागे लागला होतास की हे चुकतंय. घासताना कुठे कडेचा टवका उडालेला असतो, डोळ्यांना दिसत नाही. ही तपासणीची वीजच त्या टवक्यातली चीर पुढे ढकलते. तुकडा आपल्यासमोर पास होतो आणि गिऱ्हाइकाकडे जाऊन फुटतो. आधी कडा मायक्रोस्कोपखाली बघा, मग वीज द्या, आणि तीही अर्धीच द्या. महिनाभर तू हे सांगत होतास. शेवटी शेठ म्हणाले, "इनास, बोलून नको, दाखव."

तू दोन पट्ट्या तयार केल्यास. दोन्हींवर टोचलंस, चिरा मोजल्यास, कल्पनाच्या नेलपॉलिशने ठिपके दिलेस. कल्पना म्हणजे आपल्या पॅकिंगच्या टेबलावरची सगळ्यांत जुनी बाई, आणि ती बाटली तिचीच. एका पट्टीला वीज पोलिंगच्या दिशेने द्यायची, दुसरीला उलटी. पहिलीची चीर वाढणार, दुसरीची जागेवर राहणार. शेठ स्वतः मायक्रोस्कोपमध्ये बघणार. पॅकिंगच्या सगळ्या बायकांना तू बोलावलं होतंस, कारण माल फुटला की शिव्या त्यांना बसायच्या. शेठ येताहेत म्हटल्यावर तू कंगवा काढलास आणि केस विंचरायला मोरीवरच्या आरशाकडे गेलास. महत्त्वाच्या कामाआधी तू नेहमी केस विंचरायचास. पाण्याचा हात फिरवून, डावीकडे भांग.

तेवढ्यात मी दोन्ही पट्ट्यांवरचे ठिपके पुसले आणि विरुद्ध बाजूंना दिले.

कारण? कारण मी मी आहे. माझ्या डोळ्यांपुढे पूर्ण प्रवेश उभा होता. तू ठिपका बघून तारा जोडणार. सगळं नेमकं उलटं होणार. तुझं तोंड उघडं पडणार. शेठ भुवया उंचावणार. मी एक क्षण थांबणार, फक्त एक, आणि मग खिशातून नेलपॉलिशची बाटली वर काढणार. सगळे हसणार, तू मला एक गुद्दा घालणार, आपण ठिपके नीट करून पुन्हा करणार, आणि पहिल्या फजितीमुळे दुसऱ्या वेळचा विजय दुप्पट रंगणार. मी तुझ्याच नाटकाला रंगत आणत होतो, देवाशपथ.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. तू ठिपका बघून तारा जोडल्यास, पट्ट्या तेलाच्या ताटलीत ठेवल्यास, वीज दिलीस. जी चीर वाढायला हवी होती ती ढिम्म. जी थांबायला हवी होती ती पुढे सरकली. शेठने मायक्रोस्कोपवरून मान वर केली. तुझं तोंड उघडं पडलं. माझा हात खिशात होता, बाटलीवर. आणि मी थांबलो. मला चांगला विराम फार आवडतो, तुला माहीत आहे. तो मी जरा ताणला.

शेठचा फोन वाजला. त्यांची मुलगी बाळंतीण झाली होती. ते आनंदाने ओरडतच दाराकडे निघाले आणि जाता जाता म्हणाले, "इनास, तुझी वीज उलटी चालते रे! राहू दे, टेस्ट आहे तशीच ठेवा सगळ्यांनी." सगळे हसले. मीही हसलो. शेठच्या मागे अर्धा गाळा पेढ्यांची चर्चा करत बाहेर गेला. तू दोन्ही पट्ट्या पुसल्यास, काडेपेटीत घातल्यास आणि काडेपेटी खिशात टाकलीस.

मी ठरवलं, डबा खाताना सांगू. त्या दिवशी तू डबा खायला आला नाहीस. ठरवलं, उद्या सांगू. उद्या तू आलास, पण असा चेहरा घेऊन की त्या चेहऱ्यापुढे बाटली काढायची हिंमत झाली नाही. मग परवा. विनोदाला किती दिवस टिकायची मुदत असते, इनास? माझ्या अंदाजाने पावाइतकी. तिसऱ्या दिवशी त्याला बुरशी आली होती आणि तो माझ्याच खिशात होता. पुढे मीच स्वतःला समजावलं की हे राखून ठेवू. तुझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमात, सगळ्यांसमोर, बाटली वर काढून. तिसऱ्या पानाच्या तळाशी ती चौकट आहे ना, तिच्यात हेच आहे. येथे हशा.

मधली सात वर्षं टेस्ट तशीच राहिली. पुरी वीज, पोलिंगच्या दिशेने. माल जायचा, त्यातले काही तुकडे फुटल्याची तक्रार यायची आणि शेठ पॅकिंगच्या टेबलापाशी जाऊन बायकांवर ओरडायचे, "हात आहेत की फावडी?" कल्पना उलट बोलायची, "आम्ही काय टोपलीत वांगी ओततो का शेठ? कापसात ठेवतो कापसात!" मी भट्टीजवळून हे ऐकायचो आणि भट्टीत बघायचो. तू मात्र दुपारी डबा अर्ध्यावर झाकून उठायचास. जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगचे ट्रे मायक्रोस्कोपखाली घेऊन तुकड्यांच्या कडा बघत बसायचास. जेवढे होतील तेवढे. टवका उडालेला दिसला की बाजूला. मी तुला चिडवायचो, "काय रे, डाळीतले खडे निवडतोयस?" तू म्हणायचास, "खडेच आहेत."

आणि तुझी ती दुसरी सवय. कुठलीही पट्टी हातात आली की ठिपका असो नसो, आधी मीटरला लावायची, अंगठ्याने दाबायची आणि काटा कुठे उडतो ते बघायचं. दाबली की वीज देते ना, मग काटा उजवीकडे गेला की ही बाजू, डावीकडे गेला की ती. दिवसाला शेकडो वेळा. तुझ्या अंगठ्याला घट्टा पडला होता. मला वाटायचं, म्हातारपण. कडी लावली का म्हणून तीनदा बघणारी माणसं असतात तसं. मी तर त्याची नक्कल करायचो. अंगठा वर, डोळे बारीक, मान काट्यासारखी उडवायची. गणपतीच्या वेळी मनवेलपाड्यात आमच्या सोसायटीच्या स्टेजवरसुद्धा केली. तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास.

तुझ्यासाठी सातव्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा झाली, त्या प्रार्थनेनंतर वहिनींनी मला अंगणात थांबवलं. एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा हातात दिला.

"कामाचं काहीतरी आहे. मला त्यातलं कळत नाही. तुम्हीच न्या."

"झाकण आणलंय मी," मी म्हणालो. मला दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी झाकण घेतलं, पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "हे शेवटचे पंधरा दिवस बशी झाकून डबा नेत होते. मी ओरडायचे. म्हणायचे, असू दे, त्याच्याकडे आहे म्हणजे आहे."

डब्यात काडेपेटी होती, आणि एक वही. घरी बसून उघडली. सात वर्षांपूर्वीच्या त्या पानावर तुझं तिरकं अक्षर. आधी चिरांची मापं, मग रेघ, आणि रेघेखाली:

"संध्याकाळी दोन्ही पट्ट्या दाबून बघितल्या. ठिपके उलटे होते. दोन्हींवर. मीच लावले होते. घाई केली. केस विंचरत बसलो, तेवढ्या वेळात पुन्हा तपासले असते तर कळलं असतं. शेठना काय सांगू? ज्याला ठिपका लावता येत नाही, त्याच्या मायक्रोस्कोपवर कोण विश्वास ठेवणार? कल्पनाबाईंना तोंड दाखवायला लाज वाटते. यापुढे ठिपक्यावर भरवसा नाही. माझ्या हातावर तर नाहीच. मोहनला सांगणार नाही. तो नक्कल करील."

इनास!

मी ते पान किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. तुला त्याच संध्याकाळी कळलं होतं. ठिपके उलटे आहेत हे कळलं होतं. आणि ते कोणी उलटे केले असतील, हा प्रश्न तुला पडलाच नाही! बावीस वर्षं माझ्यासारख्या माणसाशेजारी बसून डबा खाल्लास, माझे सगळे उद्योग माहीत, तुझ्या स्कूटरच्या सीटखाली मी सुका बोंबील ठेवलेला तुला माहीत, आणि तरी तुझा पहिला संशय स्वतःच्या हातावर? इतका साधा माणूस असतो का? असावा का? मला तुझा भयंकर राग आला. मग माझा आला. मग परत तुझा. तू एकदा येऊन मला म्हणाला असतास, "नाटक्या, माझ्याकडून ठिपका उलटा पडला," तर मी तिथल्या तिथे कोसळून सगळं सांगितलं असतं. आणि मी एकदा बाटली काढली असती, तर... तू माझ्या नकलेला घाबरून गप्प, मी तुझ्या चेहऱ्याला घाबरून गप्प. एकच ठिपका आपण सात वर्षं एकमेकांपासून लपवत होतो, एका डब्यातून सुकेळी खात.

आणि कंगवा. तू कंगवा सोडलास आणि मी त्यावर विनोद केले.

शुक्रवारी मी शेठना मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. पॅकिंगच्या सगळ्या बायकांनाही. भाषणाची चार पानं खिशात होती, पण बाहेर काढली नाहीत. तुझ्या काडेपेटीतल्या त्याच दोन पट्ट्या. मीटरला लावून अंगठ्याने दाबल्या. सात वर्षं अंधारात काढूनही त्यांच्या माना फिरल्या नव्हत्या. काटा टुणकन उडाला, ठिपक्याच्या विरुद्ध बाजूला. मी सगळ्यांना दाखवलं. मग माझे ठिपके पुसले आणि योग्य बाजूंना नवे दिले.

"हे उलटे ठिपके इनासने दिले नव्हते," मी म्हणालो. "मी दिले होते. गंमत म्हणून."

विराम नाही, चष्मा पुसणं नाही, काही नाही. इतकं वाईट वाक्य मी कधी म्हटलेलं नाही. आवाज भट्टीच्या पंख्यात बुडत होता म्हणून दोनदा म्हणावं लागलं.

"सात साल?" शेठने विचारलं. "सात साल तू हसत होतास मोहन?"

कल्पनाने ओढणीला हात पुसले आणि म्हणाली, "आम्ही सात वर्षं शिव्या खाल्ल्या भाऊ. आणि इनासभाऊंनी दुपारचं जेवण सोडलं. तुम्ही तेवढे डबा संपवत होता."

खरं होतं. मी तेवढा डबा संपवत होतो.

त्यानंतर तुझा प्रयोग केला. जुन्या खळग्यांशेजारी नव्याने टोचलं, मापं घेतली, योग्य ठिपके बघून तारा जोडल्या. वीज दिली. शेठने बघितलं, कल्पनाने बघितलं, मग मी. पोलिंगच्या दिशेची चीर दोन्ही टोकांनी सरकली होती, केसाएवढी, पण सरकली होती. उलट्या विजेची होती तिथेच होती.

तू बरोबर होतास. घे. बावीस वर्षांनी घे.

शेठने तिथेच उभं राहून सांगितलं, आधी कडा बघायच्या, मग वीज, आणि अर्धी. मायक्रोस्कोपवर कल्पना बसणार. "इनासभाऊंनी मला शिकवलंय," ती म्हणाली, "दुपारी दुपारी. कडेला चंद्रकोर दिसली की बाजूला टाक म्हणाले होते." म्हणजे तुझं अर्धं काम तू आधीच सोपवून ठेवलं होतंस आणि मला पत्ता नाही.

पण थांब, मी पूर्ण हरलेलो नाही. तुझी वही मी शेवटपर्यंत वाचली आहे. सात वर्षांत तू गुपचूप किती पट्ट्या टोचल्या होत्यास! बहुतेक तुझ्या बाजूने बोलतात, पण काही बेरकी आहेत. एक तर उलट्या विजेलाही वाढली, एक दोन्हीकडे ढिम्म. प्रत्येक वेळी तू समासात लिहिलंयस, "हवा? तेल? कणच वेगळे?" आणि पुढे, "माहीत नाही." सगळ्यात शेवटच्या पानावर, तुझ्या शेवटच्या शनिवारी: "चिरेतली हवा वीज ओलांडते का, हे मोहनचं म्हणणं एकदा नीट तपासलं पाहिजे. त्यात काहीतरी आहे. त्याला सांगायचं नाही. डोक्यावर बसेल."

बसलो असतोच. आता कुणाच्या डोक्यावर बसू? सोमवारी तू असतास तर आपण दोघांनी पट्टी टोचली असती, तू 'माहीत नाही' म्हणाला असतास, मी आवाज वाढवला असता. डबा खायला बसलो की हात अजून शेजारच्या बाकाकडे जातो, सुकेळ्यासाठी. बाक रिकामा आहे हे हाताला कळायला जरा वेळ लागतो.

वहिनींकडे काल गेलो आणि त्यांनाही सगळं सांगितलं. मला वाटलं, दार लावतील. त्या ऐकत राहिल्या. मग आत गेल्या आणि तुझा कंगवा घेऊन आल्या. जुना, दोन दात पडलेला. "सात वर्षं कपाटावर ठेवला होता त्यांनी," त्या म्हणाल्या. "मी विचारलं की म्हणायचे, ज्याचं काम नीट नाही त्याला भांग कशाला. मला वाटायचं, कुठलं काम?" त्यांनी कंगवा मला दिला नाही. दाखवला फक्त, आणि परत जागेवर नेऊन ठेवला. मला तेवढी शिक्षा पुरेशी आहे. त्यांना नसेल, तर पुढच्या वेळी सांगतील.

ती वही मी त्यांना परत केली. त्याआधी एक लुडबुड केली, ती तुला सांगून टाकतो. यापुढे तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय. त्या पानावर, तुझ्या रेघेखाली, 'माझ्या हातावर तर नाहीच' या ओळीशेजारी थोडी जागा होती. तिथे कल्पनाच्या बाटलीतला एक लाल ठिपका दिलाय. द्यायच्या आधी दोनदा बघितलं. त्याखाली माझ्या अक्षरात लिहिलंय:

ठिपका मी फिरवला होता. तुझा हात चुकला नव्हता. केस विंचरत जा.